दोन धुराडी

‘चिमणी’ हा शब्द मराठीत निदान चार ठिकाणी संसार थाटून बसला आहे. एक चिमणी अंगणातली, पाखराची. दुसरी रॉकेलची, जिच्या उजेडात आमच्या आधीच्या पिढीने परीक्षा दिल्या. तिसरी गिरणीची. आणि चौथी अलीकडची, स्वयंपाकाच्या ओट्यावर टांगलेली, विजेवर घरघरणारी. पहिली सोडली तर बाकीच्या तिघी एका इंग्रजी शब्दाच्या लेकी आहेत; मराठी घरात आल्या आणि नाव-गाव बदलून इथल्याच झाल्या. माझे माहेर इंदूरचे. तेथे चिमणी म्हटले की गिरणीचीच डोळ्यांसमोर येई. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या उंच चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसत आणि धूर कोणत्या दिशेला वळला आहे हे पाहून आई वाळवण घालायचे की नाही ते ठरवी. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. त्याच्या कितीतरी आधी, १९७२ साली, मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले होते. येथे आल्यावर मात्र एक जुना, अस्सल मराठी शब्द मला पुन्हा भेटला : धुराडे. आणि धुराडे या वस्तूला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे सांभाळायचे असते, हेही येथेच कळले.

शिंद्यांच्या छावणीतील आमचे घर तसे जुनेच. पण त्याचा पुढचा भाग आजेसासऱ्यांनी १९३४ साली नव्याने बांधला. ते दरबारच्या नोकरीत होते. मुरारच्या छावणीतल्या बंगल्यांमध्ये त्यांनी भिंतीत बसवलेली आतिशदाने पाहिली होती आणि तसे एक आपल्या दिवाणखान्यात हवेच, असा त्यांनी हट्ट धरला. पुण्या-साताऱ्याकडची पाहुणेमंडळी ते पाहून हसत. घरात चूल असताना बैठकीत पुन्हा दुसरी चूल कशाला, असे त्यांना वाटे. पण हसणारी ही मंडळी मे महिन्यात येणारी असत. जानेवारीत आलेला पाहुणा हसत नसे. ग्वाल्हेरची थंडी ही काही गुलाबी थंडी नव्हे. पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, सकाळी दहापर्यंत धुके हटत नाही, आणि दगडी भिंती दिवसभर गारवा अंगातून सोडत राहतात. डिसेंबरात तानसेन समारोहाला रात्र जागवून आलेल्या माणसाला विचारावे, विस्तव म्हणजे काय ते.

आतिशदानाची चौकट इकडच्याच वालुकाश्माची, कोरीव, बांधकाम चुन्यातले. धुराड्याच्या नळीला आतून चुना आणि शेणाचा गिलावा दिलेला आहे. हा आपला देशी उपाय असावा अशी माझी समजूत होती. पुढे वाचनात आले की, इंग्लंडातले गवंडीसुद्धा पूर्वी चुन्यात गाईचे शेण कालवूनच धुराडी आतून लिंपत असत. शेणामुळे गिलाव्याला चिवटपणा येतो, उष्णतेने तो सहसा तडकत नाही. साहेबाची रीत म्हणून आजेसासऱ्यांनी जी हौसेने उचलली, तिच्या पोटात आपलेच शेण निघाले, याची मला आजही गंमत वाटते.

मामंजी विज्ञानाचे शिक्षक होते. घरातील प्रत्येक वस्तूचे ‘का’ त्यांना ठाऊक असावे लागे. काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थांनी १७९६ साली आतिशदानांविषयी जो निबंध लिहिला, त्यातला विचार मामंजींनी पन्नासच्या दशकात आमच्या दिवाणखान्यात अमलात आणला. जुन्या पद्धतीचे आतिशदान म्हणजे एक खोल, चौकोनी कोनाडा. त्यातली बहुतेक ऊब धुरासोबत वर निघून जाते आणि खोलीतली उबदार हवाही ओढून नेते. रम्फर्डने कोनाड्याची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित व्हावी, आणि धूर वर जातो त्या गळ्याची रुंदी सुमारे चार इंचांवर आणली. मामंजींनी मिस्त्रीकडून नेमके तेच करवून घेतले. तेव्हापासून निम्म्या लाकडात बैठक उबदार राहू लागली, असे सासूबाई सांगत. निम्म्या म्हणजे नेमक्या निम्म्या की नाही देव जाणे. पण जळणाचा हिशेब त्यांच्याकडे असे आणि त्या फुकाची स्तुती करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एखाद्या कोरड्या रविवारी धुराडे साफ होई. इकडे दिवाळीची साफसफाई म्हणजे मोठा सोहळा, पण आमच्याकडे रंगरंगोटीच्याही आधी धुराड्याचा मान. हे काम मिस्त्रींच्या घराण्याकडे तीन पिढ्या आहे. आदल्या दिवशी आतिशदानातली राख, गेल्या हिवाळ्यातली असली तरी, चिमट्याने उकरून पाहायची. मग दिवाणखान्यातली सतरंजी, तक्तपोसावरची गादी, तसबिरी, सारे माजघरात. आतिशदानाच्या तोंडावर ओले जाड फडके ताणून कडा विटांनी दाबायच्या. काजळी इतकी बारीक असते की, एवढेसे छिद्र राहिले तरी ती पुढे आठ दिवस कपाटातल्या कपबशांवर सापडते. मिस्त्री गच्चीवर चढत. त्यांच्या कमरेला दोर, तो दोर जिन्याच्या खांबाला. गच्चीचा दगड ओला असेल तर काम त्या दिवशी रद्द. मामंजी याबाबतीत कोणाचेही ऐकत नसत. नाका-तोंडाला पंचा. वरून नळीत दोर सोडायचा. त्याच्या टोकाला वाळू भरलेली तरटाची पिशवी आणि तिच्या वर काथ्याचा, नळीच्या मापाहून जरासा मोठा असा चौकोनी कुंचा. दगड बांधला तर तो भिंतीवर आपटून गिलावा फोडतो, म्हणून वाळू. कुंचा सावकाश खाली-वर, खाली-वर, चारी बाजूंना. एका भाच्याने परदेशातून पोलादी तारांचा एक देखणा ब्रश आणून दिला होता. मिस्त्रींनी तो हातात घेऊन पाहिला, आणि हा तुमच्या चुन्याला खरवडून खाईल, असे सांगून परत केला. पोलादी ब्रश पक्क्या विटांच्या नळीसाठी ठीक. चुन्या-शेणाच्या जुन्या गिलाव्याला काथ्याच बरा, असे माझेही मत झाले आहे.

काम झाले की तासभर कोणी फडके काढायचे नाही. काजळी खाली बसू द्यायची. मग फडके काढून, काजळी सुपाने बादलीत भरून, मामंजी आतिशदानात एक आरसा तिरपा धरीत आणि विजेरीचा झोत वर टाकीत. आरशात आकाशाचा स्वच्छ निळा चौकोन दिसला पाहिजे, त्याच्या कडा सरळ दिसल्या पाहिजेत. कडा वाकड्या दिसल्या तर गिलावा सुटला आहे किंवा साळुंकीने काड्या कोंबल्या आहेत असे समजायचे. वरच्या तोंडावर जाळी आहे, तरी ती पाहावी लागते. कारण पाखरांना रोखणारी जाळीच एखाद्या वर्षी काजळीने लिंपून निघते आणि मग धुराला रोखते. शेवटी गच्चीवरच्या भागाची पाहणी. धुराड्याचे तोंड ते छपरातून बाहेर येते त्या जागेपासून निदान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट वर असावे, असा नियम आहे. शेजारी १९८८ साली मजला चढला तेव्हा आमचे धुराडे बुटके ठरले. वारा त्या नव्या भिंतीवर आपटून आमच्या धुराड्यात उतरू लागला आणि बैठकीत धूर कोंडू लागला. मामंजींनी शेजाऱ्यांशी भांडण केले नाही. धुराडे अडीच फुटांनी वाढवले.

किती काजळी निघाली, गिलावा कसा आहे, मिस्त्रींना काय दिले, हे सर्व ते एका वहीत लिहून ठेवीत. वही अजून आहे.

मामंजींना मी फार थोड्या वेळा रागावलेले पाहिले. त्यांतला एक प्रसंग या धुराड्याचाच. मी नवी नवरी असतानाची गोष्ट. त्या वर्षी आमचे मिस्त्री आजारी होते म्हणून दुसरा कोणी कारागीर आला. नळी आमच्याकडे जरा प्रशस्त आहे. त्याने वरून डोकावून पाहिले आणि सोबतच्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला म्हणाला, उतर आत. पोरगा सदरा काढूही लागला. मामंजी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले, पोराला हाताला धरून खाली आणले, सासूबाईंना त्याला लाडू द्यायला सांगितले, आणि त्या कारागिराला दिवसाची पुरी मजुरी देऊन वाटेला लावले. त्या हिवाळ्यात आतिशदान पेटले नाही.

रात्री त्यांनी आम्हां सर्वांना कारण सांगितले. इंग्लंडात शे-दीडशे वर्षे लहान मुलांना धुराड्यांत चढवीत असत. नऊ-दहा इंचांच्या नळीत कोपर-गुडघ्यांनी रेटत वर जायचे. कोणी अडकून गुदमरत, कोणी पडत. पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ साली दाखवून दिले की, ही मुले मोठी झाल्यावर त्यांना एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचे कारण कातडीच्या वळ्यांत साचलेली काजळी आहे. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद समजतात. कायदे झाले, १७८८चा, १८३४चा, १८४०चा. पण पाळले गेले नाहीत, कारण यजमानांना गालिचे काळे व्हायला नको होते आणि पोरगा ब्रशापेक्षा स्वस्त होता. शेवटी १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुराड्यात गुदमरून मेला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ही प्रथा खरोखर थांबली. म्हणजे पॉटने कारण सांगितल्यापासून मुलांना धुराड्याबाहेर काढायला बरोबर शंभर वर्षे लागली. मामंजी हे सांगत असताना तो लाडू हातात धरून बसलेला पोरगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

आता काजळीविषयी थोडे. लाकूड जळते तेव्हा ते संपूर्ण जळत नाही. त्यातले काही धुराच्या आणि बाष्पाच्या रूपाने वर जाते आणि नळीच्या थंड भिंतीला लागले की तेथे बसते. सुके लाकूड, खेळती हवा आणि लवकर तापणारी नळी असेल तर जी काजळी बसते ती मऊ, भुसभुशीत, कुंच्याने सहज निघणारी. लाकूड ओले असेल किंवा आच मंद ठेवून ते रात्रभर धुमसत ठेवले असेल तर मात्र डांबरासारखा चिकट थर धरतो, आणि पुन्हा पुन्हा तापून तो काचेसारखा चकचकीत होतो. हा थर कुंच्याला दाद देत नाही. त्याला क्रिओसोट म्हणतात आणि ते उत्तम जळते. अडचण हीच आहे. एखाद्या दिवशी मोठी ज्वाळा वर गेली की आतिशदानाऐवजी धुराडेच पेटते. आतून सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज येतो, तापमान हजार अंशांवर जाते, आणि जुन्या गिलाव्याला तडे गेले असतील तर त्यांतून आग वाशांना, तुळयांना पोहोचते. अशा वेळी वरून पाणी ओतायचे नसते, तापलेली नळी फुटते. आतिशदानाचे तोंड बंद करून हवा तोडायची, घरातली माणसे बाहेर काढायची आणि अग्निशामक दलाला बोलवायचे. आमच्याकडे देवदयेने असे कधी घडले नाही. पण नळीतला थर तीनेक मिलीमीटरचा झाला की ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता साफ करायचे, हा दंडक घरात आहे.

म्हणून लाकडाची निवड. आमच्याकडे बाभूळ आणि धावडा. तोडून, फोडून, पावसापासून आडोशाला पण वाऱ्याला मोकळे असे किमान एक उन्हाळा वाळवलेले. ग्वाल्हेरचा उन्हाळा या एका कामात मात्र उदार आहे. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज आला पाहिजे. ‘थप्प’ असा आला तर ते लाकूड अजून ओले. जुनी रंगवलेली दारे, खोकी, वार्निश लावलेल्या फळ्या आतिशदानात घालायच्या नाहीत. त्यांचा धूर विषारी. आणि राख. राखेखालचा निखारा ही म्हण आपण माणसांच्या मनांविषयी वापरतो. ती मूळची अगदी शब्दशः खरी आहे. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-दोन, तीन-तीन दिवस जिवंत राहतो. सासूबाई राख कधी टोपलीत किंवा गोणीत भरू देत नसत. झाकणाचा लोखंडी डबा, तोही अंगणात, फरशीवर, भिंतीपासून हातभर दूर.

स्वयंपाकघराची कथा निराळी. दिवाणखान्यातल्या धुराड्याचे इतके लाड, पण जेथे सासूबाई दिवसाचे सहा-सात तास बसत त्या चुलीच्या वर फक्त छतात एक झरोका. इकडे घरांना दगडी पटियांचे सपाट छत असते. तेथे धूर आधी छताला जाऊन पसरतो, मग डोळ्यांपर्यंत उतरतो आणि शेवटी झरोका शोधतो. भिंती वरच्या अंगाला काळ्याभोर. सासूबाईंना पन्नाशीतच दम लागू लागला. त्या कधी तंबाखूच्या वाटेला गेल्या नाहीत, आणि तरी त्यांची छाती तपासून डॉक्टरांनी मामंजींना विचारले, बाई विडी ओढतात का? मामंजी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे होते, असे माझ्या नणंदेने मला सांगितले. पुरुषांच्या बैठकीत धूर नको म्हणून रम्फर्ड वाचायचा आणि बायकांच्या धुराला नशीब म्हणायचे, ही रीत काही आमच्याच घरची नव्हती.

ती मोडायचे प्रयत्न झाले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत निर्धूर मगन चूल निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे जोडलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका लिहिली. मामंजींनी तिच्यावरूनच आमच्या चुलीला पत्र्याचे धुराडे बसवले. पुढे १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. गावोगावी लाखो चुली बसल्या आणि त्यांतल्या कितीतरी थोड्याच वर्षांत मोडीत निघाल्या. कारणे पुष्कळ, पण एक अगदी साधे. धुराडे बसवून देणारा माणूस ते साफ कसे करायचे हे सांगायला थांबत नसे. पत्र्याची बारीक नळी महिन्या-दोन महिन्यांत काजळीने बुजते, धूर मागे फिरतो, आणि बाई म्हणते, पूर्वीचीच चूल बरी. आमच्या घरी नळीला कोपऱ्यावर एक झाकण ठेवले होते, ते उघडून दर पंधरवड्याला बोहरीच्या काठीला फडके गुंडाळून ती पुसायची. माझ्या सासरच्या पहिल्या कामांपैकी ते एक. १९७६ साली गॅस आला आणि ते धुराडे गेले. सासूबाईंचा दमा मात्र त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले तिच्याकडे येते.

२०२१ साली आमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघर नव्याने करून घेतले. सून नोकरी करते. तिला सोयीचे, नीटनेटके स्वयंपाकघर हवे होते आणि ते रास्तच होते. ओट्यावर विजेची चिमणी आली. जुन्या लाकडी खिडक्या गेल्या आणि त्यांच्या जागी फटीतून वारा न येणाऱ्या, रबराच्या पट्ट्यांच्या, सरकत्या काचा आल्या. दिवाणखान्यातही त्याच. बसवणाऱ्या लोकांनी सर्व मापे काटेकोर घेतली, शेगडीपासून चिमणीची उंची तपासली, नळ भिंतीतून बाहेर काढला. घरात दुसरे एखादे धुराडे आहे का, हे मात्र त्यांनी विचारले नाही. त्यांच्या छापील यादीत तो प्रश्नच नव्हता.

जानेवारी २०२२. मकरसंक्रांतीनंतरची धुक्याची संध्याकाळ. सारी दारे-खिडक्या घट्ट लावलेली. दिवाणखान्यात आतिशदानातला जाळ विझून नुसते लालबुंद निखारे उरले होते आणि आमची नात, तेव्हा सात वर्षांची, त्यांच्यासमोर सतरंजीवर पोटावर झोपून चित्र रंगवीत होती. स्वयंपाकघरात सून फोडण्या देत होती, चिमणी पूर्ण वेगाने चालू. आठच्या सुमारास नात म्हणाली, डोके दुखते. मग तिला उलटी झाली. सुनेलाही सकाळपासून नसलेली डोकेदुखी जाणवू लागली होती. बाधले असेल काही, असा विचार सुरू झाला. कोविडची तिसरी लाट चालू होती, ती शंका आलीच. घरात बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र होते. मुलीच्या बोटाला लावले : अठ्ठ्याण्णव. सर्वांना हायसे वाटले. पण पोर जागी राहीना. हाक मारली की डोळे उघडी आणि पुन्हा मिटी.

आमच्या यजमानांना काय सुचले कोण जाणे. मामंजींचेच चिरंजीव ते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती दिवाणखान्याचे मोठे दार सताड उघडले आणि नातीला उचलून बाहेर ओसरीवर नेले. धुक्यात, शालीत गुंडाळून. दुसरी गोष्ट, त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “पहले सारी खिड़कियाँ खोलो, बच्ची को अस्पताल ले जाओ, बाक़ी बात कल करेंगे.”

रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले. घरात विस्तव होता का? आणि एकाच वेळी आणखी कोणाचे डोके दुखते का? मग रक्त तपासायला पाठवले आणि ते उत्तर येण्याची वाट न पाहता मुलीला प्राणवायू सुरू केला. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. बोटाचे साधे यंत्र रक्ताची केवळ लाली पाहते. ती लाली प्राणवायूची की या विषाची, हे त्याला कळत नाही. म्हणून ते अठ्ठ्याण्णव. बाईंनी हे सांगितले तेव्हा माझे हात गार पडले. मध्यरात्रीनंतर नातीने डोळे नीट उघडले आणि आपले चित्र कुठे आहे म्हणून विचारले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. धुराडे दिवाळीपूर्वीच साफ झाले होते. आरशात आकाशाचा चौकोन स्वच्छ दिसत होता. मग त्यांनी देवघरातून एक उदबत्ती मागितली. विझलेल्या आतिशदानाच्या तोंडाशी ती धरली. धूर सरळ वर, नळीत. नंतर साऱ्या खिडक्या लावायला सांगितल्या आणि स्वयंपाकघरातली चिमणी सुरू करवली. पाच-सहा सेकंद काही झाले नाही. मग उदबत्तीचा धूर थबकला, वाकला आणि आडवा होऊन खोलीत शिरला. स्वयंपाकघराची एक खिडकी वीतभर उघडली. धूर पुन्हा उभा राहिला. आम्ही हे चार वेळा करून पाहिले. चारही वेळा तेच.

सारे इतके सरळ होते. आमच्या विजेच्या चिमणीची क्षमता कागदावर ताशी १२०० घनमीटर. दिवाणखाना, माजघर, स्वयंपाकघर मिळून हवा तीनशे घनमीटरच्या आसपास. म्हणजे पंधरा मिनिटांत सगळ्या खोल्यांची हवा बाहेर, आणि तेवढीच कोठून तरी आत यायला हवी. जुन्या खिडक्यांच्या फटींतून ती येत असे. त्या फटींना आम्ही ऐंशी वर्षे नावे ठेवली. नव्या घट्ट खिडक्यांनी त्या बुजवल्या तेव्हा हवेला एकच वाट उरली, धुराड्याची, वरून खाली. मोठा जाळ असता तर त्याच्या ऊर्जेने धूर रेटून वर गेला असता, किंवा निदान खोलीत धूर दिसला असता, डोळे चुरचुरले असते. निखाऱ्यांना धूर नसतो. घरात दोन धुराडी होती आणि विजेवर चालणारे जिंकले.

तेव्हापासून स्वयंपाकघराची ती खिडकी पूर्ण बंदच होणार नाही असा लाकडी अडसर तिच्या पन्हाळीत बसवला आहे. आतिशदान पेटलेले असताना विजेची चिमणी चालवायची नाही, फोडणीला खिडकी. निखारे विझल्याखेरीज कोणी दिवाणखान्यात झोपायचे नाही. कार्बन मोनॉक्साइड ओळखून ओरडणारे एक छोटे यंत्र माजघरात लावले आहे, ते दर महिन्याला कळ दाबून तपासते. याच कारणासाठी न्हाणीघरातला गॅसचा गीझर यजमानांनी काढून बाहेरच्या भिंतीवर लावला. हिवाळ्यात बंद न्हाणीघरातले गीझर आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगड्या यांच्या बातम्या इकडच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात. त्या बातम्यांत बहुधा ‘दम घुटने से’ इतकेच लिहिलेले असते. खरे तर गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच माणूस झोपी जातो.

विजेच्या चिमणीलाही साफसफाई लागते, हे सांगितले पाहिजे. कारण तिला काजळी दिसत नाही म्हणून पुष्कळ घरी तिला कोणी हात लावत नाही. तिची काजळी म्हणजे तेल. आपल्या फोडण्या, आपले तळण. जाळ्यांवर त्याचा चिकट थर बसतो आणि खालून एखादी ज्वाळा उंच गेली तर तो पेट घेतो. दर दोन-तीन आठवड्यांनी, आधी वीज बंद करून, जाळ्या काढून, कढत पाण्यात भांड्यांचा साबण आणि खायचा सोडा घालून त्या बुडवून ठेवायच्या, मऊ ब्रशाने घासायच्या आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायच्या. ॲल्युमिनियमच्या जाळ्यांना कॉस्टिक लावू नये, त्या काळ्या पडतात आणि झिजतात. आपोआप साफ होणारी म्हणून जी विकतात, तिच्यातलेही वितळलेले तेल खालच्या वाटीत जमते. ती वाटी आपोआप रिकामी होत नाही.

चिरंजीवांचे मत आतिशदान आता बुजवून टाकावे असे आहे. मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही. ज्याचे मूल त्या रात्री ओसरीवर होते, त्याच्याशी कसला वाद? मिस्त्री म्हणतात, बुजवायचे तर बुजवा, पण खाली एक जाळीदार झरोका ठेवा आणि वर पाऊस न येईल असे टोपण घाला, नाहीतर नळीत ओल धरेल आणि भिंत डागेल. यजमान म्हणतात, आणखी दोन हिवाळे पाहू. वाळलेले लाकूड तेवढे शिल्लक आहे. नातीला विचारले तर ती म्हणाली की आतिशदान राहू द्या, फक्त तिच्या अभ्यासाची जागा माजघरात हलवा. हा तोडगा तूर्त सर्वांनी मान्य केला आहे.

गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मिस्त्रींचा नातू गच्चीवर चढला. कमरेला दोर होता. आरसा नातीने धरला होता. डावीकडच्या कोपऱ्यात गिलावा वीतभर सुटला आहे, तो थंडीपूर्वी चुन्यानेच भरून घेतला. काजळी अर्धी बादली निघाली. त्याच्या आदल्या वर्षी पाऊण होती. वहीत तशी नोंद केली.